डिप्लोमा, साठ हजार रुपये आणि तीन वर्षं: ऑनलाइन बीसीए करू की सीसीएनए?

रॅकवाला (सोमवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे. पहिलाच धागा, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय २७. दहावीनंतर कॉम्प्युटरचा डिप्लोमा, २०१८ ला सुटलो. गणिताच्या केटीने मधलं एक वर्ष खाल्लं. सध्या नाशिकला एका सिस्टिम इंटिग्रेटरकडे फील्ड इंजिनिअर आहे. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत रॅक उभे करायचे, केबल ओढायची, क्रिंपिंग, स्विच बसवून व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्कं) टाकायचे, कॅमेरे चालू करून द्यायचे. हातात बावीस हजार पडतात.

गेल्या महिन्यात पुण्यातल्या एका कंपनीत नेटवर्क ऑपरेशन सेंटरसाठी मुलाखत दिली. टेक्निकलच्या दोन्ही फेऱ्या मस्त झाल्या. मग एचआरकडून फॉर्मची लिंक आली. 'सर्वोच्च शैक्षणिक पात्रता' या रकान्यात तीनच पर्याय: पदवी, पदव्युत्तर, पीएचडी. डिप्लोमा यादीतच नाही. फोन केला तर मॅडम म्हणाल्या, "सर, सिस्टिम पुढे जाऊच देत नाही." विषय तिथेच संपला.

साठवलेले साठ हजार आहेत. घरी सहा महिन्यांचं बाळ आहे, म्हणजे अभ्यास रात्री दहानंतर. एक रस्ता ऑनलाइन किंवा मुक्त विद्यापीठातून बीसीए, तीन वर्षं. दुसरा रस्ता सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट), मग एडब्ल्यूएसचं (ॲमेझॉनच्या क्लाउडचं) एखादं, म्हणजे वर्षभरात हातात दोन सर्टिफिकेटं. मालक म्हणतात, "डिग्रीने केबल ओढता येते का?" सासरे म्हणतात, "ग्रॅज्युएट हो, बाकी सगळं नंतर."

काय करू?

तर्री_जास्त (सोमवार, रात्री ११.१४)

मालकाचं ऐकलंत तर पगार वाढत नाही, सासऱ्यांचं ऐकलंत तर निदान जेवण चांगलं मिळतं. बीसीए.

फ्लॉपीकाका (सोमवार, रात्री ११.५२)

मी या धंद्यात १९९७ पासून आहे, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

१९९९-२००० च्या सुमाराला लक्ष्मी रोडवर साड्यांच्या दुकानांइतके कॉम्प्युटर क्लास होते. एमसीएसई, मायक्रोसॉफ्टचं सर्टिफिकेट, म्हणजे सोन्याचं नाणं. लोकांनी बायकोच्या पाटल्या गहाण टाकून फी भरली. काही वर्षांत प्रश्नपत्रिकांचे 'डंप' बाजारात आले, मुलं उत्तरं घोकून पास व्हायला लागली. आमच्याकडे एक एमसीएसई झालेला आला होता, त्याला सर्व्हरच्या केसचे स्क्रू कुठे असतात ते माहीत नव्हतं. नाणं खोटं ठरायला वेळ लागला नाही. २०२१ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने एमसीएसई कायमचं बंदच केलं. आज कुणाच्या बायोडेटात ते दिसलं की मला फक्त त्याचं वय कळतं.

आणि माझी १९९६ ची बीएस्सी फिजिक्स? त्यातलं एक समीकरण आठवत नाही. पण प्रत्येक नोकरीत, प्रत्येक व्हिसाच्या अर्जात, प्रत्येक बढतीच्या फायलीत तीच पुढे झाली. सर्टिफिकेट म्हणजे दूध, डिग्री म्हणजे तूप. दूध ताजं लागतं आणि रोज लागतं. तूप बरणीत पडून राहतं.

तर्री_जास्त (सोमवार, रात्री ११.५८)

काका, पडून राहिलेलं तूप खवट होतं हो.

कमिट_पुश (मंगळवार, सकाळी ८.२०)

दूधही नको, तूपही नको. मी बारावी पास, पुढे काहीच नाही. गिटहबवर (कोड सगळ्यांना दाखवायची साइट) कोड टाकत गेलो, एका ओपन सोर्स लायब्ररीत बग सोडवले, तिथल्याच एकाने काम दिलं. आज चार जणांची टीम बघतो. साठ हजारांचा एक बरा लॅपटॉप घ्या आणि सुरुवात करा. कागद विचारणाऱ्या कंपनीत जायचंच कशाला?

वैतागलेली_मॅनेजर (मंगळवार, सकाळी ९.४५)

@कमिट_पुश, तुमचं अभिनंदन, मनापासून. पण धागाकर्ते नेटवर्कचं काम करतात. स्विचवर टाकलेला व्हीलॅन गिटहबवर कसा दाखवायचा? शिवाय तुमच्यासारखा एक दिसतो तेव्हा न दिसणारे किती असतात ते आपण मोजत नाही.

मी पुण्यात इन्फ्रास्ट्रक्चर टीमसाठी माणसं घेते, म्हणजे धागाकर्त्यांना ज्या दारावर अडवलं तशाच एका दाराच्या आतल्या बाजूला बसते. आतून जे दिसतं ते सांगते.

बायोडेटा माझ्याकडे येण्याआधी एचआरच्या चाळणीतून जातो. ती चाळणी डिग्री बघते, टक्के बघते, कधी कधी मधला गॅप बघते. कॉलेजातून भरती होणाऱ्या पोरांसाठी ती फार बारीक असते. कित्येक कंपन्या तिथे 'फक्त पूर्णवेळ अभ्यासक्रम' असं स्पष्ट लिहितात. म्हणजे फ्रेशर म्हणून रांगेत उभं राहायला ऑनलाइन डिग्रीचा उपयोग लोकांना वाटतो त्याहून कमी आहे. तीन-चार वर्षांचा अनुभव असला की चाळणीची भोकं मोठी होतात. तिथे 'पदवी आहे की नाही' एवढंच बघतात, कुठून आणि कशी ते सहसा नाही. धागाकर्ते या दुसऱ्या गटात आहेत.

चाळणीतून सुटून बायोडेटा माझ्या टेबलावर आला की डिग्री संपली. सर्टिफिकेटही जवळजवळ संपलं. सीसीएनए लिहिलेलं असेल तर मी एवढंच धरते की माणसाने सबनेटिंग (नेटवर्कचे पत्ते गटांत वाटणं) एकदा तरी हाताने केलंय. मग हा प्रश्न टाकते:

एकाच स्विचवर, एकाच व्हीलॅनमध्ये दोन मशीन. पहिल्याचा पत्ता १९२.१६८.१०.६१, दुसऱ्याचा १९२.१६८.१०.७०. दोघांचाही मास्क (गट केवढा ते सांगणारा आकडा) /२६, दोघांचाही गेटवे (नेटवर्कबाहेर जायचं दार) १९२.१६८.१०.१. पहिल्या मशीनवरून गेटवेला पिंग (पोचतंय का बघायचा संदेश) जातं, दुसऱ्यावरून जात नाही. का?

धागाकर्ते, उत्तर द्या. बाकीच्यांनी गूगल करू नये.

तर्री_जास्त (मंगळवार, सकाळी ९.५१)

बंद करून चालू करा.

फ्लॉपीकाका (मंगळवार, सकाळी १०.३०)

उत्तर माहीत आहे, गप्प बसतो. पण मॅडम, प्रश्न जुन्या वळणाचा आहे, बरं वाटलं.

खामगावचा_खवय्या (मंगळवार, दुपारी १.१५)

माझा अनुभव सावध करण्यापुरता.

आमच्या गावातल्या एका 'स्टडी सेंटर'वाल्याने मला परराज्यातल्या विद्यापीठाची 'दूरस्थ बीटेक' विकली. विकली हाच शब्द बरोबर आहे. परीक्षेला बसलो तेव्हा वर्गात आम्ही सहा जण आणि सुपरवायझर बाहेर चहाला. तीन वर्षांनी कागद मिळाला, पुढच्या नोकरीत पडताळणी झाली आणि तो कागद माझ्या तोंडावर परत आला. पैसे गेले त्याचं एवढं नाही, ऑफर लेटर परत घेतलं गेलं ते घरी सांगताना जड गेलं.

नंतर शहाणा झालो ते लिहून ठेवतो. एक म्हणजे ऑनलाइन किंवा दूरस्थ बीई-बीटेक नावाची मान्य गोष्ट आपल्याकडे नाहीच. अभिमत विद्यापीठांनी पत्राने वाटलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल दिलाय. कुणी घरबसल्या बीटेक देतो म्हणाला की चप्पल घाला आणि निघा. बीसीए, एमसीए, बीएस्सी ऑनलाइन चालतं, पण यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत ते विद्यापीठ, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, तिन्ही असलं पाहिजे. मागच्या वर्षी होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. आता प्रवेश घेताना विद्यार्थ्याला स्वतःचा डीईबी आयडी (याच विभागाचा ओळख क्रमांक) काढावा लागतो. एजंट म्हणाला 'त्याची गरज नाही, आम्ही बघतो', तर तो काय बघणार ते ओळखा.

मंत्रालय_लोकल (मंगळवार, दुपारी १.४०)

खवय्यांना +१. यात थोडी भर. यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पत्रक काढून सांगितलंय की मान्यताप्राप्त मुक्त, दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची. सरकारी नोकरीत हे पत्रक कामाला येतं. आमच्या खात्यात यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे कितीतरी पदवीधर आहेत, पदोन्नतीही झाल्या. धागाकर्ते नाशिकचे, म्हणजे ते विद्यापीठ तर गंगापूर धरणाच्या वाटेवर, घराजवळच. राज्यसेवेलाही मुक्त विद्यापीठाची पदवी चालते.

उलट सीसीएनए, एडब्ल्यूएस वगैरे आमच्याकडे दाखवून बघा. साहेब विचारतील, "एमएस-सीआयटी झालंय का?"

तर्री_जास्त (मंगळवार, दुपारी १.४४)

एमएस-सीआयटी! डोळे पाणावले. माझ्या आजीने साठाव्या वर्षी केलं होतं. पेंटमध्ये घर काढलं, मागे डोंगर, डोंगरातून सूर्य. पैकीच्या पैकी.

चाळिशीतली_विद्यार्थिनी (मंगळवार, रात्री १०.२५)

मुलं झोपली, आता लिहिते.

मी आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बीएसला आहे, डेटा सायन्सच्या. वय ४१, मूळ शिक्षण बीकॉम. हा अभ्यासक्रम २०२० मध्ये सुरू झाला. प्रवेशाला जेईई लागत नाही. आधी चार आठवडे चार विषय शिकवतात, दर आठवड्याला असाइनमेंट, मग पात्रता परीक्षा. ती पास झालात की आत. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा केलेल्यांनाही अर्ज करता येतो, म्हणजे रॅकवाला, बारावी नाही म्हणून अडू नका.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मधे उतरता येतं. फाउंडेशन झालं की प्रमाणपत्र, मग डिप्लोमा, मग बीएस्सी, शेवटी चार वर्षांच्या तोडीची बीएस. एसटीसारखं, शिर्डीचं तिकीट परवडलं नाही तर सिन्नरला उतरा, पण जेवढा प्रवास झाला तेवढ्याचं तिकीट खिशात राहतं. कमी उत्पन्न असलेल्या घरांना आणि एससी, एसटी, दिव्यांग विद्यार्थ्यांना फीमध्ये मोठी सवलत आहे, पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत.

आता खरं सांगते. 'ऑनलाइन' म्हणजे सोपं असं समजून आले होते आणि स्टॅटिस्टिक्सने माझी पार वाट लावली. एकदा आपटले, पुन्हा घेतलं. परीक्षा घरून नसतात, केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात. मी मुलाच्या वयाच्या पोरांमध्ये बसते. एकाने विचारलं, "काकू, तुम्ही सुपरवायझर का?" प्रोग्रामिंगची एक परीक्षा कॅमेऱ्यासमोर द्यायची असते, त्या वेळी सासूबाईंनी मागून चहा आणून ठेवला. माझी वाचाच बसली.

लग्नानंतर कुणीतरी मला पहिल्यांदाच 'यात तुम्हाला इतके गुण मिळाले' असं सांगितलं. नोकरीत त्याचा काय उपयोग होईल ते अजून बघायचंय. पण रॅकवाला, सहा महिन्यांचं बाळ असताना रात्री दहानंतरचे तास कागदावर तीन असतात, प्रत्यक्षात सव्वा. तो सव्वा कशाला द्यायचा हा तुमचा खरा प्रश्न आहे.

रॅकवाला (मंगळवार, रात्री ११.३०)

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळं वाचतोय. मॅडम, प्रश्नाचं उत्तर देतो, उद्या साइटवर आहे, रात्री. ताई, सव्वा तास अगदी बरोबर. आत्ताही एका हाताने झोका देतोय.

श्टुटगार्टची_सून (बुधवार, पहाटे २.१०)

परदेशाचा विषय अजून निघाला नाही म्हणून लिहिते.

'बाहेर जायचं तर डिग्री हवीच' हे आयटीपुरतं आता पूर्ण खरं राहिलेलं नाही. जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून ब्लू कार्डचे (कुशल परदेशी माणसांना राहून काम करायचा परवाना) नियम बदलले. आयटीतल्या माणसाकडे पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा त्या दर्जाचा कामाचा अनुभव असेल, हातात नोकरीचा करार असेल आणि पगार ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल, तर ब्लू कार्ड मिळू शकतं. माझ्या नवऱ्याच्या टीममध्ये असा एक जण आहे. अडचण वेगळीच: 'त्या दर्जाचा अनुभव' कागदोपत्री सिद्ध करायचा. त्यामुळे रॅकवाला, आत्तापासून मालकाकडून लिहून घेत जा की तुम्ही काय काय केलं. 'फील्ड इंजिनिअर' एवढंच लिहिलेलं पत्र इथे काही बोलत नाही. आणि जर्मन शिका. त्याला पर्याय नाही.

टेक्सासकर (बुधवार, पहाटे ४.००)

अमेरिकेत उलटं आहे. एच-१बीला निदान चार वर्षांच्या बॅचलर पदवीच्या तोडीचं शिक्षण लागतं. तुमची पदवी तीन वर्षांची असेल तर कमी पडलेल्या एका वर्षासाठी तीन वर्षांचा अनुभव धरतात. सर्टिफिकेटांचा ढीग असला तरी तो या बेरजेत क्वचितच मोजला जातो. आणि ही बेरीज एच-१बीपर्यंतच चालते. पुढे ग्रीन कार्डच्या ईबी-२ (उच्चशिक्षितांच्या) गटाला अनुभवाची ठिगळं लावलेली पदवी चालत नाही. माझ्या रूममेटचं नेमकं इथेच अडलं, तीन वर्षांची बीएस्सी होती त्याची.

एक गंमत सांगतो. इथे वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी म्हणून एक ऑनलाइन विद्यापीठ आहे, १९९७ चं. त्यांच्या आयटीच्या पदवीत कॉम्पटियासारखी सर्टिफिकेटं अभ्यासक्रमातच बसवलेली आहेत. परीक्षा पास झालात की तो विषय सुटला. म्हणजे 'हे की ते' हा प्रश्न तिथे निघतच नाही. आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठांनी हे का करू नये?

फ्लॉपीकाका (बुधवार, सकाळी ७.१५)

@टेक्सासकर, कारण आपल्याकडे अभ्यासक्रम बदलायला समिती लागते आणि समितीच्या बैठकीला कोरम लागतो. सर्टिफिकेटची मुदत तोवर संपलेली असते.

मुदतीवरून आठवलं. नव्या मंडळींना कल्पना नसते म्हणून सांगतो. सीसीएनए तीन वर्षं टिकतं. आरएचसीएसए (रेड हॅटच्या लिनक्सचं) तीन वर्षं. एडब्ल्यूएस तीन वर्षं. कुबरनेटिसचं सीकेए एप्रिल २०२४ पासून तीनावरून दोन वर्षांवर आणलं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअर क्लाउडच्या भूमिकानिहाय परीक्षांना एकच वर्ष, पण नूतनीकरण घरबसल्या आणि फुकट. म्हणजे सर्टिफिकेट घेतलं की विम्याच्या हप्त्यासारखं लागून राहतं. तूप म्हटलं ते उगाच नाही.

वैतागलेली_मॅनेजर (बुधवार, सकाळी ९.२०)

काका, तुमचं तूप मान्य. पण एक गोष्ट तुम्ही सोयीने विसरलात. मुदत संपते म्हणूनच त्या कागदावर थोडा विश्वास ठेवता येतो. तुमची १९९६ ची बीएस्सी तुम्हाला आज काय येतं याबद्दल अवाक्षर बोलत नाही.

आणि डंप घोकून पास होण्याचं म्हणाल तर सगळ्याच परीक्षा तशा नाहीत. आरएचसीएसए घ्या. पर्यायातून उत्तर निवडायचं नसतंच. समोर चालू लिनक्स मशीन देतात. रूटचा (मुख्य खात्याचा) पासवर्ड माहीत नाही, मोडून आत शिरा. एलव्हीएमचा व्हॉल्यूम (डिस्कवरची जागा) वाढवा. एसईलिनक्स (लिनक्समधला सुरक्षेचा पहारा) चालू ठेवून वेब सर्व्हर उठवा. मशीन रीबूट केल्यावर सगळं जागच्या जागी असलं तरच गुण. ३०० पैकी २१० ला पास. ती पास झालेल्याला मी मुलाखतीत निम्मे प्रश्न विचारतच नाही.

रॅकवाला, तुमच्यासाठी एक कामाची गोष्ट. तुम्ही सिस्टिम इंटिग्रेटरकडे आहात ना? अशा कंपन्या सिस्को, मायक्रोसॉफ्ट, एडब्ल्यूएसच्या पार्टनर असतात किंवा व्हायला बघतात. पार्टनरची पातळी टिकवायला कंपनीत ठरावीक संख्येने सर्टिफाइड माणसं दाखवावी लागतात. मालकांना विचारा, आपल्याला किती लागतात आणि आहेत किती. कमी असतील तर सीसीएनएची फी त्यांनी भरायची. ३०० डॉलर, कर धरून तीस हजारांच्या वर जाते, म्हणजे तुमच्या शिलकीतली निम्मी. ती तुमच्या बाळाच्या वाटची आहे, सिस्कोच्या नाही.

तर्री_जास्त (बुधवार, सकाळी ९.२६)

मॅडम, तुम्ही वैतागलेल्या नाही, तुम्ही देवमाणूस. नाव बदला.

बाय द वे, नाशिकला मिसळीची सर्टिफिकेशन परीक्षा असावी. तीन वर्षांची मुदत. फेल झालेल्याने फक्त पाव खायचा.

खामगावचा_खवय्या (बुधवार, सकाळी ९.४०)

अवांतर: नाशिकच्या मिसळीला पापड कशाला देतात?

निफाडची_द्राक्षं (बुधवार, सकाळी ९.५५)

पापडाला नावं ठेवायची नाहीत. चुलीवरची मिसळ आणि पापड हा आमचा जन्मसिद्ध हक्क आहे.

मंत्रालय_लोकल (बुधवार, सकाळी १०.१०)

मिसळ फक्त दादर-परळची. बाकी सगळा रस्सा.

व्यवस्थापन (बुधवार, दुपारी १२.००)

मिसळीचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. चार आठवणीपुरते ठेवले. कृपया मूळ विषयाकडे वळावे.

कमिट_पुश (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

वळतो. मॅनेजर मॅडमचं बरोबर आहे, नेटवर्किंगला गिटहब नाही. पण दाखवायला काहीतरी असावं हे मी सोडत नाही. पॅकेट ट्रेसर, म्हणजे सिस्कोचं नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. ईव्ही-एनजी किंवा जीएनएस-३ वर लॅब उभी करा, काय बांधलं, काय बिघडलं, कसं सुधारलं ते लिहून ठेवा. दर आठवड्याला एक पान. वर सूनबाई म्हणाल्या तो अनुभवाचा पुरावाही त्यातून तयार होतो.

एडब्ल्यूएसबद्दल एक सूचना. आधी फुकट खात्यावर हात साफ करा आणि झोपण्यापूर्वी सगळं बंद करा. माझ्या मित्राने एक नॅट गेटवे चालू ठेवून गणपतीला गाव गाठलं. विसर्जनाच्या दिवशी बिल आलं.

चाळिशीतली_विद्यार्थिनी (बुधवार, रात्री १०.४०)

कमिट_पुश यांनी पहिल्या प्रतिसादात 'कागद विचारणाऱ्या कंपनीत जायचंच कशाला' असं विचारलं होतं, ते डोक्यातून जात नाहीये. कागद विचारणार नाहीत अशा जागी पोचायलाही ओळखी लागतात, इंग्रजी लागतं, रिकामा वेळ लागतो. ज्याच्याकडे यातलं काही नाही त्याला कागद हीच ओळख. मला अठराव्या वर्षी कुणी गिटहब दाखवलं नव्हतं.

कमिट_पुश (बुधवार, रात्री ११.०५)

हे मान्य. माझे वडील शिक्षक आणि घरात कॉम्प्युटर चौथीपासून. ते मी लिहिलं नव्हतं.

रॅकवाला (गुरुवार, रात्री ११.४५)

उशीर झाला, माफ करा. काल सिन्नरला रात्री एकपर्यंत होतो, वीज पडून दोन स्विच गेले होते.

आधी मॅडमचा प्रश्न. /२६ म्हणजे ६४-६४ चे गट. ० ते ६३ हा एक, ६४ ते १२७ हा दुसरा. ६१ आणि गेटवे १ एकाच गटात. ७० दुसऱ्या गटात पडतो, म्हणजे त्या मशीनच्या हिशोबाने गेटवेच परक्या नेटवर्कात आहे, तिथपर्यंत जायला त्याच्याकडे रस्ता नाही. पत्ता २ ते ६२ मधला एखादा रिकामा द्यायचा, किंवा नेटवर्क मोठं हवं असेल तर सगळ्यांचे मास्क /२५ करायचे, गेटवेसकट. हे मला वहीवर करावं लागलं नाही. पण खरं सांगू का, साइटवर असतो तर मी आधी केबलच बघितली असती. अंबडला केबल ट्रेमध्ये उंदीर आहेत.

आता मालकांचं. विचारलं. आधी हसले, मग लॅपटॉप उघडून बघितलं, मग गप्प झाले. आमच्याकडे सर्टिफाइड माणसं दोन लागतात, एक आहे, आणि तो दिवाळीनंतर सोडून जाणार आहे. सीसीएनएची फी कंपनी भरणार, पास झालो तर. नापास झालो तर पगारातून तीन हप्ते. वर दीड वर्ष सोडून जायचं नाही असं लिहून मागतात. एक वर्षावर आणायचा प्रयत्न चालू आहे.

साठ हजार तसेच आहेत. त्यातून बीसीएला प्रवेश घेतोय, मुक्त विद्यापीठातून. यादीत नाव, अभ्यासक्रम, वर्ष तिन्ही बघितलं, डीईबी आयडी स्वतः काढला. ताई, तुमच्या आयआयटीचं बघितलं, पण गणित बघून छाती झाली नाही. केटी अजून स्वप्नात येते. सीसीएनए मार्चपर्यंत, तोवर बीसीएच्या फक्त असाइनमेंट वेळेवर टाकायच्या, एवढंच ठरवलंय. जमेल की नाही माहीत नाही.

सासरे खूश आहेत. 'ऑनलाइन' हा शब्द त्यांना सांगितलेला नाही.

फ्लॉपीकाका (शुक्रवार, सकाळी ६.५०)

दीड वर्षाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एखाद्या वकिलाला दाखव. आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे ठेवायला मागितली तर अजिबात देऊ नकोस. हा एक अनुभव मी पैसे मोजून घेतलाय.

वैतागलेली_मॅनेजर (शुक्रवार, सकाळी ९.३०)

उत्तर बरोबर. 'गेटवेसकट' हा शब्द लिहिलात त्याचे जास्तीचे गुण, तो निम्मे लोक विसरतात. उंदरांचेही गुण देते, कारण पहिल्या थरापासून (केबलपासून) सुरुवात करणारा माणूस मला आवडतो.

व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. आत्ता जागा नाही, उन्हाळ्यात निघेल असं दिसतंय. फॉर्ममधला तो रकाना आमच्याकडेही आहे आणि तो काढणं माझ्या हातात नाही, दोन वर्षं भांडतेय. पण आमच्या यादीत 'पदवी: चालू' असा एक पर्याय आहे. प्रवेशाची पावती जपून ठेवा.

तर्री_जास्त (शुक्रवार, सकाळी ९.३४)

त्या उंदरांचं काय? त्यांनी केबलवर इतकी वर्षं हात... म्हणजे दात साफ केलेत, अनुभव धरणार की पदवी मागणार?